आन, धू, छाप

फॉरमॅटचं नाव काढायचं न्हाई, आधीच सांगून ठिवतो — त्याच्यासाठीच आले असाल तर दरवाजा तो राहिला, आन् चपला बाहेरच हायत. उत्तमसिंग म्हनला होता वसमतच्या दुकानातून मानूस धाडतो, मला वाटलं कुनी जानता धाडंल, आन् तुमी आल्या आल्या डब्याच्या स्क्रूला हात घालून राहिले. डबा उघडायचा न्हाई. आतली डिस्क काढायची न्हाई, दुकानाला न्यायची न्हाई, दुसऱ्या मशीनला जोडून बघायची न्हाई. सीडीचा ड्राइव्ह तर चार म्हैने झाले मेलेलाच हाय, हळदीची धूळ खाऊन. मंग राहिलं काय? — हा कीबोर्ड राहिला. जे काय करायचं ते ह्याच्यावर, इथं बसून, माझ्या डोळ्यांपुढं. न्हाई न्हाई, त्या स्टुलावर नका बसू, ते फोटोचं स्टूल हाय, त्याच्यावर बसलं की चांगला मानूस बी मान वाकडी करून दात दाखवतो. ही खुर्ची घ्या. पानी घ्यायचं का? घ्या, त्या डेऱ्यात हाय. चहाचं मी इचारनार न्हाई, काम झाल्यावर बघू.

उत्तमसिंगाचं कौतुक मला सांगू नका. पंधरा वर्सं बघतो मी त्याला — आधी कॅसेटी भरून द्यायचा, आता कॉम्प्युटर भरून देतो, दोन्हीत माल चोरीचाच. त्याच्याकडं काहीबी घेऊन जा — आवाज येत न्हाई? फॉरमॅट. छपाई अर्धीच येते? फॉरमॅट. माउस हलत न्हाई? — तरी फॉरमॅट! अहो, माउसची तार उंदरानं कुरतडली होती, मी सोता बघितली. डोकं दुखायलं तर मुंडकंच उतरवा, असा त्याचा दवाखाना. आन् वरून मला म्हनतो, फोटोवाले, सगळं जग विंडोज वापरून राहिलं, तुमीच काहून ते काळं-पांढरं घेऊन बसले? मी म्हनलं, सगळं जग म्हंजे कोन? बसस्टँडजवळचा तो नवा स्टुडिओवाला ना? नवरीला गुलाबात बसवतो, नवरदेवाला कमळात, मदी ताजमहाल, वरून दोन कबुतरं सोडतो आन् त्याला मिक्सिंग म्हनतो. लोक बी तसलेच. परवा एक जन इचारायला आला, आमच्या आल्बमात बर्फ पडंल का? कुरुंद्यात, मे म्हैन्यात, बर्फ! त्याला म्हनलं बाबा, तू तिकडंच जा, तिकडं पडतो.

हे लिनक्स हाय. गावात एकच. वसमतमदी न्हाई, आन् हिंगोलीत असला कुनाकडं तर तो बोलत न्हाई. आमचं बी आधी विंडोजच होतं, खोटं काहून बोलू — दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एक लगीनच्या लगीन खाल्लं त्याच्यातल्या व्हायरसनं. साडेतीनशे फोटो, अक्षता पडल्यापासून पाठवनीपर्यंत, सगळे साफ. कार्ड तर मी पुसून बसलेलो. काय करता? दोन्ही घरच्यांचे पाय धरले, नवरीला सासरहून बोलावून आनलं, तेच कपडे, तोच मांडव पुन्यांदा उभा केला, हार पुन्यांदा घालायला लावले. फोटो झकास आले, उजेड तर पयल्यापेक्षा बराबर होता. पन पाठवनीचा फोटो काढायचा तर नवरी रडंच ना! सगळ्यांनी सांगितलं, मामानं रागावलं, मी म्हनलं बाई निसता पदर तरी लाव डोळ्याला. ती म्हनली, आता काय रडू, म्हैना झाला नांदून राहिले, सासू चांगली हाय माझी.

तर त्याच्यानंतर, दोन हजार पाचच्या दिवाळीत, मी लिनक्स बसवलं. सोता बसवलं. बाहेरदेशातून सीडी मागवली पोस्टानं, फुकट येते ती — पोस्टमन पाकीट उलटंपालटं करून म्हनला, कोन चाललं हो फॉरेनला? मी म्हनलं, कुनी चाललं न्हाई, फॉरेनच इकडं येऊन राहिलं. सीडी टाकली, डिस्कचे दोन हिस्से केले, भाऊ-भाऊ शेत वाटतात तसे — एका हिस्स्यात सिस्टम, दुसऱ्यात फोटो, म्हंजे एक बुडालं तरी दुसरं तरतं. लई शांत डोक्याचं काम हाय ते. तीन दिवस लागले. मी तर दोनदा म्हनलं, ऊठ, जेवून घे, मंग कर — म्हंजे मी सोतालाच म्हनलं. घरातल्या घरातच झालं ते सगळं, मी केलं काय आन् अजून कुनी केलं काय. तुमाला दुरुस्तीशी मतलब.

तिकडं काय वाचून राहिले? ती फोटोची रिकामी पाकिटं हायत, भिंतीला चिकटवलेली. त्याच्या मागं लिवलंय ते आमचे मंत्र. तीनच. वाचा मोठ्यानं — आन, धू, छाप. अठ्ठ्याऐंशीला स्टुडिओ टाकला तवा मागच्या खोलीत डार्करूम होती, लाल बल्ब, तीन ट्रे, दाराला गोधडी. लग्नाहून रोल आनायचा, धुवायचा, छापायचा. तीन कामं, तीन शब्द, आयुष्य त्याच्यातच गेलं. आता कार्ड लावायचं आन् 'आन' टाइप करायचं — अक्षरं इंग्रजी, शब्द आपले — की सगळे फोटो तारखेच्या घरात जाऊन बसतात. 'धू' म्हनलं की सहाशेच्या सहाशे एका दमात धुऊन निघतात. मांडवाच्या कापडाचा लाल-पिवळा रंग मानसांच्या तोंडावर उतरलेला असतो ना, तो जातो, तोंडं पुन्यांदा मानसांची दिसतात. गोरी न्हाई हां. आमच्याकडं गोरं करून मिळत न्हाई. जो येतो तो म्हनतो जरा उजळ करा — अरे, तुझा बाप उजळ न्हाई, तुझी माय उजळ न्हाई, दिवसभर तू उन्हात, मी कुठून आनू उजळपना? असा हा 'धू'. असं सॉफ्टवेअर पुन्या-मुंबईच्या मोठ्या स्टुडिओत बी नसंल, आन् बघा, चार ओळींचं हाय म्हनतात निसतं. — हसले काहून? 'धू' म्हनलं आन् तुमी हसले, बघितलं मी. खेडवळ वाटला शब्द? तुमच्या उत्तमसिंगाच्या दुकानात इंग्रजी बटनं असतील, त्याच्यावर बोट ठिवलं की तुमाला मोठं झाल्यासारखं वाटत असंल. इथं आमच्या भाषेत काम होतं. हसायचं असंल तर बाहेर जाऊन हसा.

बरं, झालं काय ते ऐका. खेमा म्हनून हाय आमच्या आळीतला, हळद शिजवायच्या कढईवर असतो, सीझनभर अंग पिवळं. त्याच्या पोरीचं लगीन होतं गेल्या ऐतवारी. सहाशे बारा फोटो. ह्या ऐतवारी देतो म्हनून शब्द दिलाय त्याला, पोरगी सासरी जायच्या आधी बघून जाईन म्हनते. सोमवारी सकाळी 'आन' केलं, 'धू' लावलं, आन् लाईट गेली. मशीन चालू असतानी गेली, तुमाला तर माहीतच हाय, आठ-आठ तास भारनियमन — झटका बसला, आन् तवापासून चालू केलं की हे असं, काळा पडदा आन् दोन ओळी. — काय? टेबलाखाली काय दाखवता? — इन्व्हर्टर हाय तो. व्हय, चालू हाय. हिरवा दिवा लागलाय म्हंजे चालूच असंल की. — सोमवारी? सोमवारी बी चालू होता.

मोठे हुशार दिसता. बरं, लाईट गेली न्हाई. मीच वायर उपटली. आता ऐकायचंच असंल तर नीट ऐका आन् उत्तमसिंगाला सांगू नका, न्हाईतर तो आख्ख्या वसमतला सांगंल. 'धू' एकदा झालं होतं, मदी खेमा आला, त्याच्याशी बोलत बसलो, आन् गेला तसं बसलो आन् पुन्यांदा 'धू' म्हनलं — धुतलेल्यालाच पुन्यांदा. पडद्यावर बघतो तर खेमाच्या पोरीचं तोंड काळवंडून राहिलं. एक फोटो, दोन फोटो, चार फोटो, सगळे काळे पडत चाललेले. आता तुमीच सांगा, पंधरा-सोळा वर्सं ज्यानं ट्रेवर उभं राहून काढली, त्याचा हात काय करंल? कागद डेव्हलपरच्या पान्यात काळा पडायला लागला की इचार करायचा नसतो, चिमट्यानं उचलायचा आन् बाहेर काढायचा! एक सेकंद उशीर की नवरीची विधवा होते. मी तेच केलं. चिमटा नव्हता, वायर होती. उपटली. — आता हसा. आता काहून हसत न्हाई? आता हसायची जागा हाय.

तर हे असं. ह्या दोन ओळी काय म्हनून राहिल्या ते मला वाचता येतं — डिस्क तपासायचीय, रूटचा, म्हंजे मशीनच्या मालकाचा, पासवर्ड द्या. तेवढं दिलं की तपासतं आन् उघडतं. तेवढंच. त्याच्यासाठी फॉरमॅट म्हनतो तुमचा मालक, कुलूप उघडंना म्हनून घर पाडा! — माझ्याकडं काय बघून राहिले? मला कसा माहीत असंल पासवर्ड? — व्हय, मी म्हनलं मी बसवलं. म्हनलं असंल. मानूस बोलता बोलता म्हनतो. तुमी काय कोर्टातून आले का? तीन दिवस झाले टाकून बघतो, अक्षरं बी दिसत न्हाईत टाकलेली, आंधळ्यासारखं टाकायचं. तिचं नाव टाकलं, तिची जन्मतारीख टाकली, तिच्या आईचं नाव टाकलं, स्टुडिओचं टाकलं, दहावीचा नंबर होता पाठ, तो टाकला. न्हाई घेत. बाईमानसाचं डोकं, काय ठिवलं असंल कोन जाने.

ती, ती. तुमी मघापासून तिच्याच फोटोकडं बघून राहिले की, त्या खिळ्यावरच्या. दीक्षा. माझी पोरगी. सात वर्सांची असतानीचा हाय तो, ह्याच स्टुलावर चढून डार्करूममदी उभी राहायची, ट्रे हलवायची, आन् कागदावर तोंड उगवायला लागलं की ओरडायची, पप्पा, आला, आला! कुनाचा बी फोटो असू दे — सरपंच असू दे न्हाईतर म्हशीचा इन्शुरन्स असू दे, तिचं आपलं आला, आला. मंग औरंगाबादला इंजिनिअरिंगला घातली. त्या दिवाळीत तिनंच बसवलं हे लिनक्स. तीन दिवस इथं, ह्याच खुर्चीवर, तुमी बसले तिथंच. 'आन' तिनं लिवलं, 'छाप' तिनं लिवलं. मला म्हनली, पप्पा, तुमाला नवीन काही शिकायचं न्हाई, तुमी जे इतकी वर्सं म्हनता तेच म्हना, मशीन ऐकंल. आता असं बोलनारं लेकरू... जाऊ द्या. लिवलं आन् गेलं.

कुठं म्हंजे? पुन्याला. लगीन करून. दोन वर्सं होतील जूनमदी. कॉलेजात म्हने लिनक्सवाल्यांचं मंडळ होतं, भजनी मंडळ असतं तसं, दर शनवारी जमायचं आन् एकमेकाला कॉम्प्युटरमदलं वाचून दाखवायचं. तिथं भेटला तो. नाव मी घेत न्हाई. आमच्या घरात ते नाव घ्यायचं न्हाई म्हनून मी सांगून ठिवलंय, जनकाबाई — माझी बायको — तिला बी. मी इचारलं पोरीला, करतो काय? म्हनली, सॉफ्टवेअर लिवतो. म्हनलं चांगलं हाय, इकतो कुनाला? म्हनली, इकत न्हाई, वाटतो. वाटतो! फुकट! ज्याला पायजे त्यानं न्यावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. म्हनलं हे काय अन्नदान हाय का? मठ हाय का त्याचा? मानूस एक तर धंदा करंल न्हाईतर नोकरी करंल, हा तिसरा परकार काय? म्हनली, पप्पा, तुमचं लिनक्स बी असंच कुनीतरी फुकट दिलंय की, आन् 'धू' तर त्यानंच लिवलंय. — ऐका! मला आधी माहीत असतं तर वापरलंच नसतं. आता हात बसला, आता काय करू, रोज सकाळी उठून त्या येड्याचं लिवलेलं टाइप करतो. चार ओळी लिवल्या म्हंजे काय जावई होतो का कुनी?

जातीसाठी म्हनून न्हाई हां. आमच्यातला न्हाई तो, ते खरं. पन मी जात मानत न्हाई. जयंतीच्या स्टेजवरून माइक हातात घेऊन सांगितलंय मी, बाबासाहेबांचं नाव घेता तर जात मोडा, पोरापोरींची लग्नं मोकळी करा. टाळ्या पडल्या, फोटो हाय माझ्याकडं. घरी आलो, जेवायला बसलो, तर पोरगी वाढता वाढता म्हनली, पप्पा, मंग मोडू का? — मी ताट सारलं. तेवढंच केलं मी. मारलं न्हाई, कोंडलं न्हाई, एक शिवी न्हाई दिली, निसतं ताट सारलं. सकाळी उठलो तर बॅग घेऊन उभी. येते म्हनली. मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत होतो, ती पुसत राहिलो.

कोर्टात लगीन केलं. फोटो धाडला पोस्टानं. पाकीट हातात घेतल्याबरोबर कळालं मला, बोटांना कळतं — चार बाय सहा, ग्लॉसी, एकच प्रिंट. उघडलं न्हाई. म्हनलं त्या मानसाचं तोंड बघनार न्हाई ते न्हाईच बघितलं. जनकाबाईनं उघडून बघितला, आन् मला सांगत आली, पोरीचे डोळे लाल दिसून राहिले हो. मी म्हनलं, लाल दिसनारच, कुन्या दोस्तानं खिशातल्या कॅमेऱ्यानं काढला असंल, फ्लॅश सरळ डोळ्यात मारला की डोळे लालच येतात, अडान्याचं काम. ती म्हनली, तसं लाल न्हाई. मी म्हनलं, तुला काय कळतं फोटोतलं? तसंच लाल. फ्लॅशचंच. — तीन हजार लग्नं काढली मी, साहेब. कनेरगाव नाक्यापासून इथपर्यंत कुनालाबी इचारा. पोरीकडच्यांच्या बाजूनं कुठं उभं राहायचं, माय कवा डोळे पुसंल, बाप कोन्या खांबाआड जाऊन रडंल, मला आधी माहीत असतं, मी आधीच तिथं फोकस लावून बसतो. आन् माझ्या सोताच्या पोरीच्या लग्नात दुसऱ्या कुनीतरी बटन दाबलं. त्याचा राग हाय मला. जातीचा न्हाई, फुकट वाटायचा न्हाई, त्याचा हाय. कुनी एक शब्द म्हनलं असतं, की फोटो काढायला या — बाप म्हनून गेलो नसतो. फोटोवाला म्हनून गेलो असतो. एका बाजूला उभा राहिलो असतो, बोललो नसतो कुनाशी, काढून परत आलो असतो. इतकं काही अवघड नव्हतं ते.

हे तुमाला काहून सांगून राहिलो? तुमचं काम करा. — जनकाबाई म्हनते, एक फोन लावा आन् इचारून घ्या, दोन मिनिटाचं काम. मी? मी लावू? जिनं बॅग उचलली तिनं लावावा. आन् लावून काय म्हनू — दोन वर्सांनी फोन केला, तो कशाला, तर पासवर्ड सांग? बाप मेला का जिवंत हाय ते तिनं इचारायचं, आन् मी म्हनायचं मशीन बंद पडली? शोभतं का? नंबर पाठ हाय मला. दहा आकडे हायत. सोमवारपासून रोज नऊ दाबतो. दहावा दाबला की वाजंल, म्हनून दाबत न्हाई. आठवन येते, येत न्हाई असं न्हाई. खोटं सांगून तुमच्यापुढं काय मिळनार मला. संध्याकाळी शटर ओढताना रोज येते. पन फॉरमॅट केलं तर ह्याच्यात तिचं काहीच उरनार न्हाई — चालू केलं की पयली ओळ येते ना, 'पप्पा, चला कामाला', ती तिनं लिवलेली हाय — आन् न्हाई केलं तर खेमाच्या पोरीचं लगीन गेलं. आन् फोन लावला तर मी गेलो. आता तुमी मेकॅनिक हायत ना? सांगा ह्याच्यातलं काय दुरुस्त होतं.

काय दाबून राहिले? सांगितलं ना, काही टाकलं तरी घेत न्हाई ते, मी शंभरदा — थांबा, एवढ्या जोरात नका चालवू बोटं, जुना कीबोर्ड हाय, हळदीनं जाम झालाय... हे काय? हे काय सुरू झालं? ओळी पळून राहिल्या. तपासून राहिलं. — घेतला? पासवर्ड घेतला?

मी तर सांगितला नव्हता तुमाला. मला माहीतच न्हाई, मी काय सांगनार.

उत्तमसिंगाला बी माहीत न्हाई. कुनालाच न्हाई. एका मानसाला माहीत हाय तो, जगात.

...

नाव सांगू नका. तोंड उघडू नका म्हनलं ना, बसून राहा. आता कळालं मला, आल्यापासून तुमी एक वाक्य पुरं बोलले न्हाई ते कशामुळं. उत्तमसिंगानं धाडलेले तुमी न्हाईच, जनकाबाईचं काम हे. दुपारचं मंदिराला जाते म्हनून फोनवर जाते ती, मला काय माहीत न्हाई असं वाटतं तिला. आन् तुमी चपला बाहेर काढून, बॅग घेऊन, चांगलं तासभर बसले, सासऱ्यानं शिव्या घातल्या त्या ऐकत. मठ म्हनलं, येडा म्हनलं, ऐकून घेतलं. 'धू'ला हसले होते. मला वाटलं आमाला हसले.

ती बघा, आली ओळ. 'पप्पा, चला कामाला'. — खेमाच्या फोटोंचं घर उघडा. खाली जा. खाली. हाय का? सहाशे बारा, बराबर. काळे पडले ते तेवढे चौदाच, बाकीचे शाबूत हायत. आन् ते चौदा बी कार्डावरनं — न्हाई, कार्ड तर पुसलं मी. राहू द्या. चौदा गेले. चौदाला काय होतं. — मशीन कशी उघडली ते सांगायची गरज न्हाई, मी इचारलं न्हाई. आन् पासवर्ड काय हाय तेबी सांगायचा न्हाई मला. चिठ्ठीवर लिवून ठिवू नका, हळूच टेबलावर सोडून जाऊ नका. मला नको तो.

बंद करा. व्हय, मशीन बंद करा, आताच्या आता. — खेमा थांबंल. ऐतवारी म्हनलं असंल, आता बुधवारी देईन म्हनतो, त्याची पोरगी तीन दिवस माहेरी जास्त राहिली म्हनून काही बिघडत न्हाई. नीट बंद करा, वायर नका उपटू, आधीसारखं तेच आलं पायजे चालू केल्यावर, काळा पडदा आन् दोन ओळी. करता येतं ना ते? फुकट वाटता एवढं, तर एवढं बी येत असंल. — झालं? उठा मंग. बोटं चालतात तुमची बरी, तेवढंच हाय तुमच्यात, डोक्यावर घ्यायसारखं काही न्हाई. बॅग घ्या. सव्वापाचला वसमतची गाडी लागते फाट्यावर, तिथनं परभनी, परभनीहून पुन्याची मिळंल. घरात जाऊ नका, जनकाबाईला पोळ्या टाकायला लावू नका. आन् तिकडं गेल्यावर तिला सांगा, मशीन उघडली न्हाई. सगळं करून बघितलं म्हनावं, पासवर्ड टाकला, घेतला न्हाई, माझ्यानं झालं न्हाई. तिलाच यावं लागंल म्हनावं. — उभे काय राहिले? निघा ना, गाडी जाईल.